जीप कोणत्या सालात न्यायची?

जुनी गाडी घरी आणून, सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली पाठ टेकून, दोन-चार वर्षांत ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद आता आपल्याकडे बराच दिसू लागला आहे. त्यातही जीपचे वेड वेगळे. या छंदावर बोलणे निघाले की चर्चा पाने, पान्हे आणि सुट्या भागांच्या किमतींवर जाते. मला मात्र या कामातला सर्वांत अवघड प्रश्न सालाचा वाटतो. गाडी ‘पूर्ववत’ करायची म्हणजे नेमकी कोणत्या सालात परत न्यायची?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार निघतो तेव्हाही तो उभा राहतो. काळ्या दगडाचा मूळ गाभारा, त्यावर पेशवाईतला चुनेगच्ची कळस, पुढे पन्नास वर्षांपूर्वीचा पत्र्याचा मंडप. यातले काय ठेवायचे आणि काय काढायचे? घाईने निर्णय झाला की कोरीव खांबांना ऑइलपेंट लागतो आणि पायऱ्यांवर फरशी बसते. जीपचेही तसेच आहे. म्हणून मी तीन शब्द वेगळे ठेवतो. मोडले ते चालते करणे ही डागडुजी. एका ठरवलेल्या काळातले रूप परत आणणे हा जीर्णोद्धार. आणि गाडीत पूर्वी कधीच नव्हते ते आणणे हा बदल. घरच्या कामात या तिन्हींची सरमिसळ होते आणि तिथूनच पैसे, वेळ आणि कधी कधी गाडीही हातची जाते.

माझ्याकडे सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडून आलेली १९६८ सालची महिंद्रा जीप आहे. या लेखातली बहुतेक निरीक्षणे तिच्यावर केलेल्या कामातून आली आहेत.

उंच बॉनेटची वंशावळ

जीपचा जन्म १९४० चा. अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद पोहोचवणारी गाडी तातडीने हवी होती. पहिला नमुना बॅंटम या छोट्या कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिला, पण मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन विलीस-ओव्हरलॅंड आणि फोर्ड यांच्याकडे गेले. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. विलीसचे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन हा तिचा प्राण होता.

भारतात जीप दोन वाटांनी आली. एक वाट युद्धानंतरच्या डिस्पोजलच्या मालाची. दुसरी मुंबईची. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अॅण्ड मोहम्मद’ या कंपनीतले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अॅण्ड महिंद्रा’ झाले. त्याच दशकाच्या अखेरीस माझगावमध्ये सुट्या भागांतून विलीस जीपची जोडणी सुरू झाली. पुढे एकेक भाग इथेच बनू लागला.

आपल्याकडे सर्वाधिक रुळलेले रूप म्हणजे उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’. विलीसने ती १९५३ मध्ये बाजारात आणली. तिचे बॉनेट उंच का, याचे कारण इंजिनात आहे. युद्धकाळच्या इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच होते. इंजिन बुटके राही, पण त्याला मोकळा श्वास घेता येत नसे. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात आकारमान तेच ठेवून आत घेणारा व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेला. ताकद वाढून सत्तरच्या पुढे गेली, पण इंजिनाची उंचीही वाढली. मग बॉनेट उचलावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले. आपल्याकडे त्याचीच सुधारित रूपे पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. म्हणूनच कृषी अधिकाऱ्याची जीप, प्रचाराचा भोंगा लावलेली जीप, वडापची जीप यांचा चेहरा आपल्या आठवणीत एकसारखा आहे.

हा चेहरा नेमका कोणाचा, यावर अलीकडे अमेरिकेत वादही झाला. याच वंशातली ‘रॉक्सर’ ही गाडी महिंद्राने तिथे विकायला काढली, तेव्हा जीपचे नाव बाळगणाऱ्या फियाट क्रायसलरने २०१८ मध्ये तक्रार केली. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने रॉक्सरचे रूप जीपच्या रूपाशी अवाजवी साम्य राखते असा निर्णय दिला आणि महिंद्राला समोरचा चेहरा बदलावा लागला. सत्तर वर्षे आपल्या रस्त्यांवर असलेल्या वस्तूचेही ‘मूळ’ ठरवणे किती अवघड आहे, हे यावरून दिसते.

आधी चासी, मग बाकीचे

जुनी जीप पाहायला गेलेला माणूस बॉनेट उघडतो. त्याने आधी खाली वाकावे. जीपची खरी ओळख म्हणजे शिडीसारखी चासी. दोन लांब पोलादी पन्हळ आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन बदलता येते, पत्रा नवा करता येतो. पण चासी गेली की कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही ती गाडी गेली.

घरच्या घरी चासी तपासायला तीन साधने पुरतात. पहिले, हातोडी. मडके वाजवून घेतो तसे पन्हळ इंचाइंचाला वाजवायचे. शाबूत पोलाद खणखणते, आतून गंजलेले बद्द वाजते. दुसरे, रॉकेल आणि खडू. संशयाची जागा घासून स्वच्छ करायची, रॉकेल लावून थोडा वेळ ठेवायचे, कोरडे पुसायचे आणि वरून खडूची पूड घासायची. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर ओल्या रेषेच्या रूपात उमटते. तिसरे, गवंड्याचा ओळंबा. चासी समपातळीत उभी करून पाट्यांच्या खिळ्यांपासून ओळंबा सोडायचा, खालच्या फरशीवर खुणा करायच्या आणि त्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे असतील तर चासी गुण्यात आहे. त्यांत मोठा फरक असेल, तर गाडीला कधीतरी जबर मार बसला आहे आणि ती सरळ चालणार नाही.

माझ्या जीपमध्ये इंजिनाच्या डाव्या बैठकीजवळ दोन बारीक तडे खडूवर उमटले. अशा ठिकाणी सरळ उभी वेल्डिंग मारणे धोक्याचे असते. वेल्डिंगच्या कडेचे पोलाद उष्णतेने बदलते आणि पन्हळाच्या आडव्या रेषेत तोच नवा दुबळा पट्टा ठरतो. म्हणून तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे सरकणे थांबवायचे, तडा भरायचा आणि वर पतंगाच्या आकाराचा जाड तुकडा बसवायचा. त्याच्या तिरक्या कडांमुळे जोर एका रेषेत साठत नाही.

इथे दोन इशारे. जीपची इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. वेल्डिंगपूर्वी ती काढून दूर न्यावी. आणि टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पेट्रोलची वाफ भरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. दुसरे, जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असण्याची शक्यता धरावी. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. ती ओली करून पुसावी.

पत्र्याचे काम लांबते, पण गुंतागुंतीचे नसते. जीपची फरशी खालून आडव्या पन्हळांनी पेललेली असते. त्यात चिखल आणि पाणी अडकते आणि गंज आतून बाहेर येतो. वरून पुट्टी भरून रंग दिलेली फरशी दोन पावसाळे दिसायला छान राहते. गंजलेला भाग शाबूत पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा जोडणे हाच खरा उपाय.

दोन इंजिने

आता मुख्य पेच. माझ्या जीपमध्ये मूळचे पेट्रोल इंजिन नव्हते. त्या जागी प्यूजोच्या परवान्याखाली महिंद्राने बनवलेले २११२ सीसीचे डिझेल इंजिन होते. बैठकीच्या कंसावर मिस्त्रीने वेल्डिंगच्या कांडीनेच आकडे काढले होते: १२-८४. मूळ ‘हरिकेन’ इंजिन त्या कुटुंबाच्या गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून होते. व्यवहारात तेही मला मिळाले.

असे बदल महाराष्ट्रभर झाले आणि त्यामागे अर्थशास्त्र होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले. आपल्याकडे डिझेल शेतीचे आणि मालवाहतुकीचे इंधन म्हणून सरकारी धोरणाने दीर्घकाळ स्वस्त ठेवले गेले. पेट्रोलचे दर २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे २०१४ मध्ये. मधल्या चार दशकांत ज्याची जीप रोज शेतावर, बाजाराला आणि अडीअडचणीला तालुक्याच्या दवाखान्यात जात होती, त्याला पेट्रोल परवडणे शक्यच नव्हते. डिझेल इंजिन बसले म्हणून ती जीप भंगारात जायची वाचली.

आता मला पर्याय दोन होते. जाणकार मित्रांचे मत स्पष्ट होते: डिझेल काढ, हरिकेन बसव, गाडी कारखान्यातून निघाली तशी कर. मी आधी दोन्ही इंजिने तपासली. सिलिंडरमधला दाब मोजण्याचे मापक कोणत्याही गॅरेजमध्ये मिळते. पेट्रोलचे वेगळे आणि डिझेलचे वेगळे, कारण पेट्रोलचे हे इंजिन हवा साधारण सातपट दाबते, तर डिझेलचे वीसपटीहून अधिक. आधी कोरडा दाब मोजायचा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा. ऑइलने दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजवली. वाढला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून आहे. डिझेल इंजिनाचे चारही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. हरिकेनच्या दोन सिलिंडरांना बोअरिंग आणि नव्या रिंगा लागणार होत्या.

हरिकेनपुढे आजची एक अडचणही आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडचे पेट्रोल २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणावर आले. इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. कार्ब्युरेटर आणि पंपातले जुने रबर त्याने फुगते किंवा चिरते. असे इंजिन चालवायचे तर सगळ्या नळ्या, पडदे आणि वॉशर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावे लागतात. ज्या उसाच्या फडातून ही जीप फिरली, त्याच उसाचे इथेनॉल आज तिच्या मूळ इंजिनाला बाधते, हा योगायोग मला विचारात पाडून गेला.

बदलाचा हिशेब

बदलांकडे वळण्याआधी जीपचे साधे गणित पाहू. पहिल्या गिअरचे प्रमाण २.८, ‘लो’मध्ये ट्रान्स्फर केसचे २.४६ आणि डिफरन्शियलचे ५.३८. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. इंजिनाच्या मिनिटाला १,००० फेऱ्यांवर जीप ताशी साधारण साडेतीन किलोमीटरने, माणसाच्या चालीने, दगडधोंड्यांतून चढते. तिची खरी ताकद या आकड्यात आहे. त्याची दुसरी बाजू अशी की टॉप गिअरला २,००० फेऱ्यांवर ती जेमतेम ५० चा वेग गाठते. हमरस्त्यावर तिच्याकडून नव्वदची अपेक्षा ठेवणे म्हणजे बैलाला शर्यतीच्या घोड्यामागे लावणे.

या गणिताला सर्वांत आधी धक्का लावतात ते मोठे टायर. मूळचा ६.००-१६ टायर सुमारे २८ इंच उंच. हौसेने ३१ इंची टायर घातले तर जमिनीपासूनचे अंतर वाढते ते फरकाच्या निम्मे, म्हणजे दीड इंचाच्या आत. पण ३७ चे प्रमाण परिणामी ३४ वर येते, वेगमापक साठ दाखवतो तेव्हा गाडी पासष्टच्या पुढे असते, आणि छोट्या ड्रम ब्रेकना जड चाक थांबवावे लागते. जुन्या जीपचे स्टिअरिंग थरथरते ते बहुधा किंगपिनच्या झिजलेल्या बेअरिंगमुळे आणि टाय रॉडच्या सैल टोकांमुळे. मोठ्या टायरने ती थरथर वाढते.

उंची वाढवण्याचे तसेच. गाडी कलंडेल की नाही, हे दोन चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर ठरते. जीपच्या चाकांमधले अंतर सुमारे ४८ इंच. गुरुत्वमध्य २५ इंचांवर धरला, तर उतारावर आडवी उभी गाडी हिशेबाने ४४ अंशांना कलंडते. तो चार इंच वर नेला तर चाळिसाच्या आतच. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर चेपतात, त्यामुळे मर्यादा याहून बरीच आधी येते. घाटातल्या वळणावर हा फरक जिवाशी गाठ घालतो. माझ्या जीपच्या मागच्या पाट्यांत अकरा पाती होती. त्यांतली दोन उघडच नंतरची, ओझ्यासाठी घातलेली. ती काढली. गाडी थोडी बसली आणि प्रवाशांची हाडे वाचली.

एक बदल मात्र मी निःसंकोच केला. जुन्या जीपमध्ये ब्रेकचे ऑइल चारही चाकांना एकाच मार्गाने जाते. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. दोन स्वतंत्र कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला की पुढचे किंवा मागचे ब्रेक तरी शाबूत राहतात. जोडीला फ्यूजचा डबा, दिव्यांसाठी रिले आणि फरशीखाली जाड पट्टी देऊन घट्ट केलेले सीटबेल्ट. यातला एकही भाग चासी कापून बसवलेला नाही. बोल्ट सोडले की जीप पूर्वीसारखी.

कागदाची बाजू

हौशी माणूस कायद्याचा विचार शेवटी करतो. तो सुरुवातीला करायला हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की आरसीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आणि आरसीत नोंद हवी. नोंद नसलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही आडवा येऊ शकतो. हरियाणातल्या मंडी डबवालीत भंगारातल्या भागांतून झकास जीप उभ्या राहतात. त्यांच्या देखणेपणाबद्दल वाद नाही, पण विकत घेणाऱ्याने आधी चासी क्रमांक आणि कागद जुळतात का ते पाहावे.

माझ्या जीपच्या आरसीत १९८४ चा बदल रीतसर नोंदलेला होता: नवा इंजिन क्रमांक, इंधन डिझेल. त्यामुळे ती आजही सामान्य खासगी वाहन म्हणून पात्र आहे. पंधरा वर्षांनंतर अशा वाहनाची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते.

दुसरा रस्ता ‘व्हिंटेज’ नोंदणीचा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच ती निघते.

म्हणजे हरिकेन बसवून १९६८ गाठले असते, तर ‘व्हीए’ पाटीसाठी प्रयत्न करता आला असता आणि जीप शेडमध्ये राहिली असती. डिझेल ठेवले तर तो मान नाही, पण रस्ता आहे.

तीन साले, एक गाडी

मी डिझेल ठेवले. नियमाच्या दृष्टीने मूळ म्हणजे कारखान्याच्या दारातून निघाले ते, आणि नियमाला कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण १९६८ ते १९८४ ही सोळा वर्षे पेट्रोलवर चाललेली ही जीप पुढची तीन दशकांहून जास्त डिझेलवर चालली. तो कंस कापून काढला असता, तर एका शेतकऱ्याने गाडी वाचवण्यासाठी केलेल्या खर्चाचा आणि एका मिस्त्रीच्या हाताचा पुरावाच नाहीसा झाला असता. सुट्या भागांच्या बाजारात हरिकेनचे वॉशर आजही मिळतात. तो कंस मिळणार नाही.

म्हणून माझ्या जीपमध्ये तीन साले नांदतात. चासी, पत्रा आणि रंग १९६८ चा. इंजिन १९८४ चे. ब्रेक, बेल्ट आणि फ्यूज आजचे. प्रत्येक भागाला मी तीनच प्रश्न विचारले: हा कोणी, केव्हा आणि का बसवला? काढला तर पुन्हा बसवता येईल का? आणि तसाच ठेवला तर रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला त्याचा धोका आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर पहिल्या दोन्हींचा मान राखूनही तो भाग बदलायचा.

हे काम करणाऱ्याने एक वही जरूर ठेवावी. काढलेला प्रत्येक बोल्ट कुठला, कोणते वेल्डिंग नवे, कोणता पत्रा कधी जोडला, हे तारखेसह लिहावे. कापण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. काढलेला भाग चिठ्ठी बांधून जपावा. माझ्याकडचे हरिकेन बोअरिंग आणि नव्या रिंगा होऊन लोखंडी स्टॅण्डवर उभे आहे. त्याच्या बैठकीचे बोल्ट एका डब्यात आहेत आणि डब्यावर वहीतला पान क्रमांक आहे. पुढे ही जीप ज्याच्याकडे जाईल, त्याला १९६८ गाठावेसे वाटले तर एका आठवड्याचे काम आहे. तो निर्णय त्याने करावा. माझ्या हातून त्याची वाट बंद होऊ नये, एवढीच काळजी मी घेतली आहे.